कोल फेरीचे म्हातारे

१० एप्रिल २०२५, गुरुवार

ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, रोज थोडं लिहा. काय ऐकू आलं, काय चुकलं, कुठे कंटाळा आला. कुणाला दाखवायचं नाही. म्हणून लिहायला बसले.

परवा संभाजीनगरला मशीन सुरू केलं. आतला भाग मागच्या महिन्यात ऑपरेशन करून उजव्या कानामागे बसवला होता, बाहेरचा परवा मिळाला. कानामागे अडकवायचं, त्यातून एक वायर वर जाते आणि तिच्या टोकाची चकती चुंबकासारखी डोक्याला चिकटते. गेल्या जुलैत ताप डोक्यात गेला. शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यातला पंखा नुसता फिरत होता, आवाज नव्हता. तेव्हापासून शांतताच.

मला वाटत होतं, बटण दाबलं की ऐकू येईल. मॅडम बोलल्या तेव्हा राखेने ताटं घासल्यासारखं काहीतरी आलं. मग सुग्रीव पुढे वाकला. (समोर 'अहो', इथे सुग्रीवच लिहीन.) त्याचे ओठ म्हणत होते, "ऐकू येऊन राह्यलं का?" कानात मात्र बारीक शिट्टी. तो हसत होता, डोळे भरले होते. मी म्हटलं, येतंय. भोकरदनपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

मॅडमचं एक वाक्य लिहून ठेवते. "मेंदूला हा आवाज नवा आहे. तुम्ही शिकवाल तसं तो शिकेल." शिकवणं मला येतं. सोळा वर्षं गणित शिकवलंय.

सोळा जूनला शाळा उघडते. मी वर्गावर जाणार. मुख्याध्यापक कारभारी सरांनी ग्रंथालयाचं सुचवलंय, ते मला नको आहे.

१३ एप्रिल, रविवार

सुग्रीव दुपारी जनावरांच्या औषधांचं दुकान बंद करून येतो, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे वर्तमानपत्र धरतो आणि शब्द म्हणतो. पाट की ताट. कान की पान. निम्म्याहून जास्त चुकले. तो न कंटाळता पुन्हा म्हणतो. मीच कंटाळते.

कुकरची शिट्टी ओळखली. कुत्रं भुंकलं ते दार वाजल्यासारखं वाटलं, जाऊन दार उघडून आले. संध्याकाळी देवळातलं भजन सुरू झालं. पत्र्यावरून कुणी लोखंडी पाइप ओढत नेतंय असं वाटत राहिलं. घरात येऊन दार लावून घेतलं.

कनिकाला मेसेज केला, बोलणं जमेल कधीतरी, पण गाणं माझ्यासाठी संपलं. तिचं उत्तर, 'शनिवारी येते. जेवायला पिठलं कर.'

१९ एप्रिल, शनिवार

कनिका जालन्याहून आली. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हाच्या औरंगाबादला. ती मस्तगडच्या कापडवाल्यांची, मी धनगराची. तिच्या घरून येणारे पापड आणि माझ्या घरचं तूप, यावर मैत्री सुरू झाली. तिचा भाऊ अंकित पुण्याहून एक कॅसेट घेऊन आला होता. इंग्लंडातला बँड, 'कोल फेरी'. आम्हाला इंग्रजी शब्द कळायचे नाहीत, म्हणून गाण्यांना आमचीच नावं ठेवली होती. एकात तो सारखा 'पातेलं, पातेलं' म्हणतोय असं वाटायचं, ते पातेल्याचं गाणं. एक बंदराचं गाणं, कारण ते बंदरावर आहे असं अंकित म्हणाला होता. तीन वर्षं रोज ऐकलं. कॅसेटची फीत पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून ऐकलं.

कनिकाने पेन ड्राइव्ह आणला होता. त्याच बँडची मैफल, त्यांच्या गावातली, अलीकडची. आता चौघंही सत्तरीपार. बास गिटारवाला खुर्चीवर बसूनच वाजवतो. ड्रमवाल्याच्या पांढऱ्या केसांची वेणी आहे. गाणारा पायऱ्या चढून मंचावर येतो तेव्हा एक माणूस त्याचा हात धरतो, आणि तो तो हात झटकतो. हे मला आवडलं.

मग त्यांनी सुरू केलं. माझ्या कानात नुसता कालवा. पहिलं गाणं कोणतं तेही कळलं नाही. कनिका माझ्याकडे बघत होती, म्हणून मान डोलवली.

"कोणतं आहे सांग बरं," ती हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली.

"बंदराचं."

"पातेल्याचं आहे. रेणू, माझ्यासमोर खोटं नको बोलू. मला तुझं तोंड बराबर माहीत आहे."

पिठलं खाताना तिने समजावलं. तिने म्हणे मॅडमना फोन करून विचारलं होतं. जे पाठ आहे तेच ऐकावं, आणि वाजवणारा हात दिसत असेल तर अजून चांगलं. ड्रमवर काठी पडताना दिसली की मेंदूला कळतं, हा आवाज तिचा. म्हणून कॅसेट आणली नाही, मैफल आणली.

रोज दुपारी ऐकायचं ठरवलं. पातेल्याचं गाणं ओळखू येईपर्यंत दुसऱ्या गाण्याला हात लावायचा नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

ऐकताना कूलर बंद ठेवावा लागतो, त्याच्या घरघरीत सगळं बुडतं. बाहेर ऊन रणरणतंय. मी ओली चिंब होऊन टीव्हीसमोर बसते. आणि माझ्याबरोबर आबा.

आबाराव, माझे सासरे. चौऱ्याहत्तर वर्षांचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागे चाललेले, आता घरी एक शेळी आहे तिच्या मागे. सासूबाई गेल्यापासून बोलणं कमीच. पहिल्या दिवशी दारात उभे राहून म्हणाले, "हे म्हातारे कामून वरडून राह्यले?" दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून टीव्हीला अगदी खेटून बसले. म्हणाले, "वाढीव जरा आवाज. तुला ऐकू याला पाह्यजे."

उकाड्यात माझ्यासाठी बसतात. पारावर रखमाजी मामांकडे जायचे, तेही सोडलं. मला भरून आलं.

पण आज त्यांच्याशी बोलताना चूक झाली. मी विचारलं, "आबा, चहा टाकू का?" ते म्हणाले, "सावलीलाच बांधली." म्हणजे मला तसं ऐकू आलं. बहुतेक 'साखर कमी घाल' म्हणाले असतील. लिहून ठेवते. चूक.

२९ एप्रिल, मंगळवार

ड्रम आला.

काठी खाली येते, आणि त्याच क्षणी 'धप्'. पत्रा नाही, पाइप नाही, धप्. पुन्हा मागे घेऊन पाहिलं. पुन्हा धप्. मग डोळे मिटले तरी धप्. त्या धप् धप्‌मधून पातेल्याचं गाणं चालू आहे हे मला दिसलं. ऐकू आलं असं म्हणवत नाही अजून, पण त्याची चाल ओळखली.

आबा पण ड्रमवाल्याकडेच पाहतात. गुडघ्यावर बोटाने ठेका धरतात, आणि बरोबर धरतात. कॅमेरा गाणाऱ्यावर गेला की बोट थांबतं, ड्रमवाला दिसला की पुन्हा सुरू. गाणारा त्यांना आवडत नसावा.

लेक लातूरला क्लासला आहे, तिला मेसेज केला, 'धप् ऐकू आलं'. तिने नाचणारी माणसं पाठवली.

२ मे, शुक्रवार

निकालाच्या कामासाठी शाळेत गेले. जायला नको होतं.

शिक्षकांच्या खोलीत दोन पंखे, आणि सगळे एकदम बोलतात. कारभारी सर काहीतरी म्हणाले. मी "हो, पाठवते" म्हटलं. दोघंजण हसले. सरांनी विचारलं होतं की तब्येत कशी आहे.

नंतर त्यांनी बाजूला नेऊन नीट समोर उभं राहून सांगितलं. माणूस वाईट नाही. "मॅडम, मुलं हुशार असतात. तुमच्या पाठीमागे काय बोलतील ते तुम्हाला कळणार नाही. ग्रंथालयात शांतता आहे."

मी म्हटलं, "शांतता मला पुरे झाली, सर. सोळा जूनला वर्गावर येते. तुम्ही पाहायला या."

"येईन," ते म्हणाले.

घरी आल्यावर मशीन काढून डबीत ठेवलं. उरलेला दिवस लावलं नाही. सुग्रीवने पाटीवर लिहून विचारलं, 'ग्रंथालयात काय वाईट आहे?' मी पाटी घेऊन उलटी ठेवली. त्याला कसं सांगू, की वर्गात मुलाने "मॅडम" म्हटलं आणि मी वळले, एवढ्याच्यावर माझं सगळं उभं होतं. आणि सर बोलले ते खरंच असलं तर?

आज सराव नाही.

३ मे, शनिवार

सकाळी मशीन लावलं. डबी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही अशी.

१० मे, शनिवार

बंदराचं गाणं ओळखलं. कुणी सांगितलं नाही, नाव दिसलं नाही. सुग्रीवने मुद्दाम मधूनच लावलं आणि मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "हे बंदराचं." खुर्चीवर बसलेल्या त्या बासवाल्याची बोटं जिन्यावरून कुणी सावकाश उतरावं तशी चालतात. ती चाल मला हॉस्टेलच्या खाटेवर पाठ झाली होती. सुग्रीव दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मंग? म्हणलं होतं ना मी?" त्याचा आवाज आता शिट्टी राहिलेला नाही. जरा चिरका आहे, पण तो त्याचा आहे.

एक गोष्ट मात्र बिघडली आहे. गाण्याच्या शेवटी आवाज वर चढतो, चढतच जातो, एका जागी पोचतो आणि तिथे थांबतो. कॅसेटवर तिथे आम्ही दोघी श्वास धरायचो. इथे ती जागा आली की मला नुसता घों घों ऐकू येतो. मी डोळे मिटून, सगळं लक्ष कानात आणून ऐकते. नाही. तिथे माझा कान तुटतो. उंच सूर मला येत नाहीत, म्हणजे बारीक आवाजाच्या मुलीही येणार नाहीत. सहावीतल्या निम्म्या मुली कुजबुजल्यासारख्या बोलतात.

आबांशी आजही चूक. "रखमाजी मामा आले होते का?" असं विचारलं. उत्तर ऐकू आलं, "वाळल्या की काढ." परत विचारलं तर चिडले. "तुला ऐकू येत न्हाई त्याला मी काय करू?" आणि उठून शेळीकडे गेले.

ते आजवर मला असं कधी बोलले नव्हते. वाईट वाटलं. पण त्यांचंही बरोबर आहे, किती वेळा तेच तेच सांगतील.

१७ मे, शनिवार

संभाजीनगरला मशीनची जुळवणी करून आले. मॅडमनी काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाजाची तपासणी पुन्हा पुन्हा केली. म्हणाल्या, उंच आवाज छान येतायत, काही तुटलेलं नाही. मी बंदराच्या गाण्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, गाणं अवघड असतं, वेळ द्या. माझा विश्वास बसला नाही. मला वाटतं त्या धीर देतात.

आबांचंही विचारलं. सुग्रीवचे शब्द आता बहुतेक बरोबर येतात, कनिकाच्या मेसेजमधला आवाजही कळतो, पण आबांशी बोलले की सगळं चुकतं, असं का? मॅडम म्हणाल्या, मिशा असतील तर ओठ दिसत नाहीत, त्यामुळे होतं. आबांच्या मिशा दाट आहेत खऱ्या.

बंदराचं गाणं रोज चालू आहे. शेवटाला डोळे मिटते. घों घों.

२५ मे, रविवार

जालन्याला कनिकाकडे गेले. एकटी, बसने. कंडक्टरने पुढच्या थांब्याचं नाव घेतलं ते कळलं.

मस्तगडच्याच गल्लीत तिचं सासर, खाली दुकान, वर माणसं. तिच्या सासूबाई प्रेमबाई माझ्याशी इतक्या मोठ्याने बोलल्या की शेजारची बाई गॅलरीत आली. मग कनिकाने टीव्ही लावला. तिला सांगितलं, शेवटचा चढता सूर मला येत नाही, तू ऐकून सांग कसा आहे.

ती जागा आली. मी सवयीने डोळे मिटले. कनिकाने माझ्या दंडाला चिमटा काढला.

"डोळे उघड. बघ त्याच्याकडे."

पाहिलं. गाणारा सूर घ्यायला मान वर करतो, घशाची शीर ताणते, आणि मग तो माइक तोंडापासून लांब नेतो. लोकांकडे धरतो. स्वतः मान खाली घालतो. हजारो लोक तोंड उघडून तो सूर म्हणतात. घों घों म्हणजे ते लोक होते.

"तो म्हणतच नाही गं," कनिका म्हणाली. "कुठून म्हणणार? सत्तर ओलांडली. त्याचा आवाज गेला. तुला कोणी सांगितलं तुझा कान गेला म्हणून?"

मला हसू आलं, मग आवरेना. पंधरा दिवस मी एका म्हाताऱ्याचा न लागणारा सूर स्वतःच्या कानावर लिहून घेत होते.

परत येताना बसमध्ये शांत वाटत होतं. पहिल्यांदा असं वाटलं, की चूक झाली म्हणजे ती माझीच असं नाही.

२८ मे, बुधवार

आजचं सगळं लिहून काढते.

सकाळी मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहेर हॉर्न वाजला. लांब, मग पुन्हा, मग लागोपाठ. मला आतून, बंद खिडकीतून स्पष्ट ऐकू आला. एवढा कुणाला वाजवतोय म्हणून दारात आले.

आबा रस्त्याच्या मधून शेळी घेऊन चालले होते. त्यांच्या पाठीमागे कडब्याने भरलेला टेम्पो, हातभरावर, हॉर्नवर हात दाबून. आबा मान खाली घालून, दोरी हातात धरून, आपल्या चालीने चालत होते. शेळी घाबरून ओढत होती आणि ते तिलाच रागावत होते. मी धावले. दंडाला धरून बाजूला ओढलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मागे पाहिलं.

ड्रायव्हर खाली उतरून ओरडला. "आबा, बहिरे झाले का?"

आबा म्हणाले, "हॉर्न मारलाच न्हाई यानं."

मी ऐकला होता. मी.

घरी येऊन त्यांना पाणी दिलं. नंतर दिवसभर जुन्या गोष्टी एकेक आठवत राहिल्या. 'सावलीलाच बांधली.' मी चहाचं विचारलं, त्यांना शेळीचं वाटलं असणार. 'वाळल्या की काढ.' अंगणात मिरच्या होत्या. ते तेच बोलले होते. मी बरोबर ऐकलं होतं. त्यांनी मला ऐकलं नव्हतं.

सुग्रीवला सांगितलं नाही अजून. आधी आबांशी बोलते.

२९ मे, गुरुवार

दुपारी नेहमीसारखे बसलो. कूलर बंद, आबा टीव्हीला खेटून. पातेल्याचं गाणं लावलं. ड्रमवाला दिसू लागला, त्यांचं बोट गुडघ्यावर सुरू झालं.

मी रिमोटने आवाज पूर्ण बंद केला.

बोट चालत राहिलं. अगदी ठेक्यात, काठीबरोबर वर, काठीबरोबर खाली. खोलीत आवाज होता तो फक्त त्यांच्या बोटाचा, धोतरावर टक टक. ते पाहत होते आणि माझे डोळे भरले. गाणं संपायच्या आत मी आवाज परत सुरू केला. त्यांना तेही कळलं नाही.

मग त्यांच्या समोर जमिनीवर बसले, माझं तोंड नीट दिसेल असं. हळू विचारलं, "आबा, कधीपासून?"

ते नाही म्हणतील असं वाटलं.

"दोन वर्सं झाली आसतील," ते म्हणाले. "आधी पाखरं गेली. मंग माणसं."

"सांगितलं का नाही?"

"सांगनारच होतो. तेवढ्यात तुझं झालं. घरात एका टायमाला दोघं बहिरे, त्या सुग्रीवनं कोनाकडं पाहावं? तू जवान, तुला शाळा. मला काय, शेळीशी बोलायचं. तिला ऐकू आलं म्हंजी बास."

"आणि इथे येऊन बसत होतात ते?"

खाली पाहिलं त्यांनी. "तुझ्यापाशी बसलं की मला कोनी काही इचारत न्हाई. समद्यायचं ध्यान तुझ्याकडं. पारावर गेलो तं रखमाजी बोलतो, मी हसतो. कुठं हसावं ते बी कळत न्हाई." मग थांबून म्हणाले, "त्या दिवशी तुझ्यावर ढकललं मी. सोपं होतं. चुकलं, पोरी."

मला राग यायला हवा होता बहुतेक. आला नाही. सगळ्यांत मान हलवून हो म्हणणं, लोक हसले की हसणं, मला हे सगळं तोंडपाठ आहे. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत तेच चाललं होतं, ते मला दिसलं नाही.

"मॅडमकडे जायचं," मी म्हटलं.

"बिलकुल न्हाई. कानाला यंत्र लावून गावात फिरू? माझी तं हाशी होईल."

"माझी झाली. मी फिरतेय."

त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "ह्याच्या बी कानात हाय काहीतरी. कधीचा पाहून राह्यलो." गाणाऱ्याच्या कानात खरंच बोंडासारखं काहीतरी बसवलेलं आहे. मला खोटं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. म्हटलं, "ते बहिरेपणाचं नाही. त्यात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, बाकीच्या गोंधळात."

आबांनी विचार केला. "म्हंजी त्याला बी लागतंच की."

हा मी होकार धरला.

६ जून, शुक्रवार

तिघं संभाजीनगरला जाऊन आलो. आबांनी नवं धोतर नेसलं होतं, पटका बांधला होता. काचेच्या खोलीत बसले तेव्हा बाहेरून लहान दिसले. मॅडम म्हणाल्या, वयामुळे गेलंय, दोन्ही कानांत, पण साध्या मशीनने चांगलं ऐकू येईल, ऑपरेशन नको. कानांचा साचा घेतला, मशीन आठवड्यात मिळेल.

मग मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आबांशी बोलताना तुम्ही ज्या चुका सांगत होतात, त्या तुमच्या नव्हत्याच. मिशांना उगाच दोष दिला मी."

बसस्टँडवर आबा पाणी प्यायला गेले तेव्हा सुग्रीव म्हणाला, "मी रोज त्यांच्यासोबत जेवून राह्यलो दोन वर्सं. मला कळायला पाह्यजे होतं." मी म्हटलं, मलाही. त्याने माझी पिशवी घेतली आणि बस लागेपर्यंत खाली ठेवली नाही.

१४ जून, शनिवार

आबांची मशीनं काल आली. पहिला दिवस त्यांनी शेळीला शिव्या देण्यात घालवला, ती एवढं ओरडते हे त्यांना आठवत नव्हतं. भांडी हळू ठेव म्हणाले. मी तीनदा मुद्दाम मागून हाक मारली. तिन्ही वेळा वळले. तिसऱ्यांदा म्हणाले, "परीक्षा घेऊन राह्यलीस का?"

आज पूर्ण मैफल पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुग्रीवने दुकान बंद ठेवलं. कनिका येणार होती, पण लग्नसराईची गिऱ्हाइकी सोडवेना. मी अजून सगळं ऐकू शकत नाही. गिटार एकटी वाजली तर कळते, चौघं एकदम सुटले की चिखल होतो. जुन्या कॅसेटसारखं ते कधीच होणार नाही, हे आज मान्य करून टाकलं. पण बंदराच्या गाण्याच्या शेवटी लोक सूर उचलतात तो मी ऐकला, नुसता घों घों नाही, माणसांचा आवाज म्हणून ऐकला. बेसूर आणि मोठा.

आबा पहिल्या गाण्यापासून कपाळाला आठ्या घालून बसले होते. शेवटी मी विचारलं, "कसं वाटलं?"

"त्यो ड्रमवाला चांगला हाय," ते म्हणाले. "गानारा बेकार. ऐकू येत न्हवतं तवा मला वाटायचं लई भारी गात आसंल."

सुग्रीव इतका हसला की त्याला ठसका लागला.

संध्याकाळी आबा पारावर गेले. आम्ही दोघांनी दारातून पाहिलं.

परवा शाळा. काय करायचं ते ठरलंय.

१६ जून, सोमवार

सहावी अ. नवे चेहरे, नवी दप्तरं.

आधी केस मागे घेऊन मशीन दाखवलं. म्हटलं, मला आजारपणात ऐकू येईनासं झालं, आता याने ऐकते. माझ्याशी बोलायचं तर आधी हात वर करायचा, उभं राहायचं, एकाच वेळी एकाने बोलायचं. मला कळलं नाही तर मी परत विचारीन, तुम्हाला कळलं नाही तर तुम्ही परत विचारा. एकाने विचारलं, पावसात चालतं का. दुसऱ्याने, त्यात गाणी लागतात का. दोन्ही प्रश्न पहिल्यांदाच कळले.

मग फळ्यावर आयत काढला. लांबी आठ, रुंदी सात. क्षेत्रफळ विचारलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. आकांक्षा नाव. तिचे ओठ हलले. वर पंखा फिरत होता, शेजारच्या वर्गात कविता चालली होती, मला काहीच आलं नाही. तेवढ्यात दारात कारभारी सर येऊन उभे राहिले.

'बरोबर, बस' एवढं म्हणायचं होतं. कुणाला कळलं नसतं. गेलं वर्षभर मी घरीदारी तेच केलं.

बाकांच्या मधून चालत तिच्यापर्यंत गेले. "परत सांग."

"चोपन्न."

चोपन्न की छप्पन्न? पाट आणि ताट त्यापुढे सोपे. पहिल्यांदा मनात तेच आलं जे दोन महिने येत होतं, ती छप्पन्नच म्हणाली असणार, कान माझा चुकला. तिच्याकडे पाहिलं. बारीक चणीची, दोन वेण्या, पुन्हा विचारलं म्हणून घाबरलेली.

"चोपन्न म्हणालीस," मी म्हटलं.

तिने मान हलवली.

"चुकलं. पाढा म्हणून बघ."

मी वळले आणि फळ्याकडे चालू लागले. पाठीमागे ती पुटपुटत होती, सात एके सात, सात दुणे चौदा, बारीक आवाजात, पंख्याखाली. पाढा वर चढत गेला. मी फळ्याशी पोचले, खडू उचलला.

"छप्पन्न," ती म्हणाली.

"बरोबर," मी न वळता म्हटलं आणि दुसरा आयत काढला. वळून पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं, आणि चार-पाच हात वर होते.